मास्टरजींचा मेजर

मास्टरजी शिकवताना आमचं तोंड बघत नसत. भिंतीकडे तोंड करून उभं करत, आणि पाठीमागून पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबत. "बोल पोरी. मेजर का मायनर?" बरोबर उत्तर येईपर्यंत त्यांचा भात्यावरचा हात थांबत नसे. भिंतीच्या निळ्या चुन्याकडे बघत मी अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचे.

लातूरच्या बाजारात लग्नाचा बँड होता त्यांचा. त्यांचे वडील निजामाच्या काळात पोलीस बँडमध्ये ट्रंपेट वाजवत, म्हणून हे इंग्रजी सुरांचं ज्ञान घरातच आलेलं. संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत ते आम्हा चार-पाच मुलांना शिकवायचे. मी दहावीत होते. हैदराबादला जाऊन पाश्चात्त्य संगीताची परीक्षा द्यायची, असं माझ्या मनात होतं. दहावीनंतर डॉक्टरकीच्या क्लासला घालायचं, असं वडिलांच्या.

मेजर म्हणजे हसरा आणि मायनर म्हणजे रडका, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. ते एकदा बोलून दाखवलं, तर मास्टरजी भडकले. "हसणं-रडणं तुझ्या दिलात हाय. पेटीत फक्त अंतर असतं." मग माझं बोट धरून पहिल्या पट्टीवर ठेवलं. "हिला सोडून पुढच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत चौथी धर. तिथून पुढं तिसरी. हा झाला मेजर. तुमच्या भाषेत सा, ग, प. मधला सूर एक पट्टी खाली घसरला की मायनर. सगळा झगडा मधल्याचा हाय." महिनाभर मी चुकत राहिले आणि ते दाबत राहिले.

त्या वर्षी गणपती विसर्जनाला त्यांचा बँड औशाच्या पलीकडच्या एका गावी गेला होता. मास्टरजींना ताप होता, म्हणून थोरला मुलगा रफिक पुढं झाला. मिरवणूक आटोपून पोरं तिथंच मुक्कामाला थांबली, आणि पहाटे भूकंप झाला. लातुरात आम्ही सगळे रस्त्यावर आलो. उजाडलं तसे मास्टरजी अंगात ताप घेऊनच एका ट्रकवर चढले. "कुणी पेटीला हात लावू नका," एवढंच म्हणाले.

रफिक सापडला. पाय चेचला होता, पण जिवंत होता. त्याच्या शेजारी झोपलेले दोन क्लॅरिनेटवाले गेले. मदत येईपर्यंत भिंतीखालून त्यांच्या हाका त्याला ऐकू येत होत्या, आणि मग येईनाशा झाल्या, एवढंच तो तिथं बोलल्याचं मास्टरजींनी माझ्या आईला सांगितलं. घरी आल्यापासून रफिक बोलतच नव्हता. ताट आपटलं तरी दोन्ही हातांनी कान झाकायचा.

छताखाली बसायची कुणाचीच हिंमत नव्हती. मास्टरजींनी शिकवणी अंगणात आणली, आणि रफिकची बाजही तिथंच टाकली. आता भिंत नव्हती, म्हणून मी चिंचेच्या झाडाकडे तोंड करून उभी राहायची. रस्त्यावरून ट्रक गेला, जमीन थरथरली, की पेटी एकदम थांबायची. पाठीमागे मास्टरजींचा श्वास ऐकू यायचा. ट्रक लांब गेला की पट्ट्या पुन्हा वाजायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी असे तीन सूर दाबले की मला काही उमजेना. मी "मायनर" म्हटलं. भाता चालूच राहिला. म्हणजे चूक. "मग मेजर?" असं विचारलं, तर म्हणाले, "मला इचारू नको. ऐक." तेवढ्यात बाजेवरून घोगरा आवाज आला.

"मेजरच हाय तो. सूर तेच, फक्त ग सगळ्यात खाली बसवलाय अब्बानं. सा वरच्या टोकाला गेलाय."

भाता थांबला. मी वळून बघितलं. मास्टरजींचे दोन्ही हात पेटीवर तसेच होते, आणि ते मुलाकडे न बघता म्हणाले, "बरोबर." मग दुसरे तीन सूर दाबले. "हा?" भाता चालू राहिला. "मायनर," रफिक म्हणाला. दिवे लागेपर्यंत ते दाबत होते आणि तो सांगत होता. आतून त्याची आई दाराशी येऊन उभी होती, पदर तोंडात धरून.

पुढं वडिलांनी मला क्लासला घातलंच. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. मास्टरजींची खोलीही मालकानं एका क्लासला दिली, आणि ते बिऱ्हाड घेऊन उदगीरला भावाकडे गेले. माझं मेडिकल हुकलं. संगीताची परीक्षा मी फार उशिरा दिली. आता नांदेडला एका शाळेत गाणं शिकवते.

नोकरी लागल्यावर मी त्यांना भेटायला उदगीरला गेले. मास्टरजींना फार कमी ऐकू येत होतं. रफिक लंगडत चहा घेऊन आला. बँडची पोरं आता तोच तयार करत होता. "दाब काहीतरी," मास्टरजी म्हणाले, आणि पेटीच्या लाकडावर तळवा टेकवून त्यांनी डोळे मिटले. मी तीन पट्ट्या दाबल्या.

"मेजर," ते म्हणाले.

मी मायनर दाबला होता. रफिकनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको सांगू. माझा हात भात्यावर चालत राहिला. मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हटलं, "न्हाई मास्टरजी. मायनर."

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"हा हल्ली मी काय बी सांगितलं तरी व्हयच म्हणतो," ते म्हणाले. "तू परत दाब."