धुळाची एकोणीस मेंढरं

धुळाला आमच्या पलूसच्या वर्कशॉपात येऊन चोवीस वर्षं झाली, पण गडी अजून पुरता आलाच नाही असं मला वाटत राहतं. हात वेल्डिंगवर, लक्ष रस्त्यावर. बाहेरून मेंढरं चालली की हा पठ्ठ्या होल्डर खाली ठेवून दारात उभा. मी ओरडायचो, "काम काय तुझा सासरा करणार हाय?" मी फौजेतला रिटायर हवालदार, माझ्या आवाजाला गिऱ्हाईकं दचकतात. धुळा नुसता हसायचा आणि कळप दिसेनासा होईपर्यंत हलायचा नाही.

तो आटपाडीकडचा. बाप बिराप्पा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, आमच्या रानात चार दिवस मेंढरं बसवायचा. आमच्या उसाला खत मिळायचं, आम्ही त्याला धान्य द्यायचो. असाच एका वर्षी विशीतला धुळा माझ्या शेडपुढं वेल्डिंग बघत उभा राहिला, तो राहिलाच. त्याला डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, एका जागची भाकरी पाहिजे होती. बिराप्पा हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी कळप घेऊन पुढं निघून गेला.

यंदा बिराप्पाची नजर गेली. काचबिंदू. मेंढरं विकावी लागली. म्हातारा आटपाडीच्या घरात भिंतीला टेकून बसतो, कुणाशी बोलत नाही. दिवसातून एकदा तेवढं विचारतो, "मेंढरं पाणी प्याली का?" हे सांगताना धुळा भर दुपारी माझ्यासमोर रडला. मी चहा मागवला.

मग त्यानं मनात घेतलं की घराला लोखंडी फाटक करायचं आणि त्यात पत्र्याचा कळप बसवायचा. म्हाताऱ्याला हातानं चाचपून ओळखू येईल असा. शेडच्या फरशीवर त्यानं खडूनं एकोणीस मेंढरं काढली, मागं काठीवर हात ठेवून चालणारा बिराप्पा. बघत राहावं असं काढलं होतं हो! सगळी मेंढरं तो सोडून आला त्या वर्षीची. कधीच मरून गेलेली, पण याच्या बोटात जिवंत.

गेल्या साली आम्ही पत्रा कापायचं कॉम्प्युटरवालं मशिन घेतलं. त्या मशिनला खडूची रेघ कळत नाही, त्याला फाईल लागते. ती फाईल करायला माझी पुतणी प्रांजल बसते, डिप्लोमा झालेली पोरगी. तिनं फोटोवरून फाईल करणारं सॉफ्टवेअर लावलं. फरशीवरच्या चित्राचा फोटो टाकला, बटण दाबलं, चहा निवायच्या आत फाईल तयार. रेघा अशा गुळगुळीत की मी म्हटलं, वा!

धुळा पडद्याजवळ वाकला. "प्रांजलताई, कानाची खाच कुठं गेली?"

त्यांच्यात कोकरू झालं की कानाला खाच मारतात. प्रत्येक घराची खाच वेगळी. बिराप्पाच्या घरची डाव्या कानाला दोन. सॉफ्टवेअरनं त्या खाचा कचरा समजून पुसून टाकल्या होत्या.

"ही आमची मेंढरं न्हाईत," धुळा म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मला ताव चढला. म्हटलं, एवढ्याशा खाचेसाठी नाटकं! प्रांजलला सांगितलं, एक मेंढरू खाचेसकट नीट कर आणि तेच पुढं चिकटवत जा. धुळाला न विचारता चार कापून घेतली आणि रविवारी स्वतः आटपाडीला घेऊन गेलो. बिराप्पानं पहिल्यावर हात फिरवला. कान लागला तसा चेहरा उजळला. "काळतोंडी!" म्हणाला. दुसरं चाचपलं, तिसरं चाचपलं, आणि हात मांडीवर ठेवला.

"भाऊसो, एकाच मेंढराला किती येळा हात लावू?"

काय सांगू, तोंड लपवायला जागा नव्हती. परत आल्यावर धुळाला सगळं कबूल केलं.

प्रांजलनं मग दुसरं सॉफ्टवेअर काढलं. त्यात आपोआप काही होत नाही. एकेक ठिपका हातानं ठेवायचा आणि ठिपक्याला ठिपका जोडत जायचं. "काका, एका मेंढराला तासभर लागेल," ती म्हणाली. मी म्हटलं, लागू दे. तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत ती दोघं पडद्यापुढं. "हिचा मागला पाय आखूड हुता, हितनं जरा वर घ्या." "ही भुंडी, हिला शिंगं न्हाईत. लय खोडील, पर पिलाला सोडायची न्हाई." आधी प्रांजल वैतागायची, पुढं पुढं डबा बाजूला ठेवून विचारायला लागली, आणि ही कोण? चोवीस वर्षांत धुळा बोलला नव्हता एवढं त्या तीन आठवड्यांत बोलला.

फाटक बसवलं त्या दिवशी मीही गेलो. कडा धुळानं घासून घासून मऊ केल्या होत्या. बिराप्पाला त्यानं हाताला धरून आणलं.

म्हातारा एकेका मेंढराशी थांबला. "काळतोंडी. बांडी. ही लंगडी. आगं भुंडे, तू बी हायस व्हय!" एकोणीसच्या एकोणीस नावं घेतली, एकही चुकलं नाही. मग हात मागच्या माणसाच्या काठीवर गेला.

"हे कोण?"

"तुमी, आबा."

म्हातारा खुदकन हसला. पण हात थांबेना. डावीकडं सरकला, तिथं नुसत्या उभ्या सळया. पुन्हा वरून खालून सगळ्या फाटकावर फिरला, चुकलेलं मेंढरू शोधावं तसा घाईघाईनं.

"धुळा, ही त्या सालची मेंढरं हायत न्हवं?"

"व्हय."

"मग तू कुठं हायस रं?"

धुळा म्हणाला, "मी सोडून गेलो हुतो, आबा. मला कसं काढू?"

"गेलास खरं. पर डाव्या अंगाला तूच चालायचास. तू गेल्यावर त्या अंगाला मी कुणालाच चालू दिलं न्हाई," बिराप्पा म्हणाला, आणि त्या मोकळ्या सळया दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.