एका हाकेला ओ

दिगांबर भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकासाठी खिळे तोलत होतो. फोन कुसुमताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. पण ती 'गेले' असं म्हणालीच नाही. म्हणाली, "सुधाकर, त्यायनं एकच हाक मारली रे... मी दुसरीची वाट पाह्यत बसली." मला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा तराजू तसाच टाकून मी कारंज्याकडे गाडी काढली.

ही हाकेची भानगड सांगायला हवी. भाऊजींचं कारंज्याला कापडाचं दुकान. दिवाळीची गर्दी ओसरली की ते दुकान धाकट्या भावावर सोपवायचे आणि आठ-दहा हौशी माणसं घेऊन बैतूलच्या पलीकडे सातपुड्यात शिरायचे. लमाणांचे बैल मीठ आणि धान्य लादून ज्या वाटेनं जात, आमचे पणजे ज्या वाटेनं महादेवाला पायी जात, ती वाट मोटारी आल्या तशी ओस पडली होती. भाऊजींनी पाड्यापाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना विचारत विचारत ती पुन्हा जोडली. त्यांचं चालणं म्हणजे माझ्यासारख्या उतावळ्याला शिक्षाच. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वैतागून म्हणालो, "भाऊजी, वरातीतला नवरदेवही याच्यापेक्षा लवकर पोचतो." ते हसले. "मंग तुमी मोटारीनं जा साळेबुवा. आमी येतो मांगून." बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालेला दगड दिसला की ते सगळ्यांना बसवून त्यावर हात फिरवायला लावत. प्रत्येक पाड्यावर चहा, आणि चहाइतक्याच निवांत गप्पा. "पाव्हना गावातून घाईनं गेला तं लोकायले वाटते, काई तरी चोरलं यानं," असं त्यांचं म्हणणं.

आणि स्वतः ते चालत सगळ्यांच्या मागे. वाट दाखवणारा मागे कसा, असं कोणी विचारलं की म्हणत, "पुढं वाट असते. मांगं कोनी नसते, म्हनून मी." डोंगरात धुकं उतरलं की मागून त्यांची हाक यायची, "भगत होऽऽ..." आणि थोडं थांबून पुन्हा तशीच. महादेवाच्या वाटेवर सगळेच भगत. पुढच्यांनी ओ द्यायचा, पण दुसऱ्या हाकेनंतरच. निघतानाच ते बजावत, "जंगलात एका हाकेले ओ द्यायचा नाई. एक हाक कोनाचीबी असू शकते. दुसरी माही." शहरातली मंडळी खुसखुसायची. पहिलं धुकं उतरेपर्यंतच. ताई दरवेळी सोबत असे, स्वयंपाकाचं बघत असे, आणि नव्या माणसांकडून हा नियम घोकून घेण्याचं कामही तिचंच. पुढे तो घरातही शिरला. चहा हवा असला तरी भाऊजी दोन हाका मारत आणि ताई पहिलीला ढिम्म हलत नसे. "अवं, हे स्वयंपाकघर आहे. इथं कोनतं भूत येऊन राह्यलं?" असं मी तिला चिडवायचो.

त्या दुपारी भाऊजी यंदाच्या फेरीसाठी गच्चीवर सतरंज्या वाळत घालायला गेले. ताई खाली मेथी निवडत होती. वरून हाक आली, "कुसुम..." तिनं ओ तोंडातच धरला. जुडी निवडून झाली तरी दुसरी हाक येईना, तेव्हा ती वर गेली.

डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, त्या लगेच पोचल्या असत्या तरी उपयोग नव्हता. मोठ्या आशेनं मी हे ताईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "वाचले नसते, हे मलेबी समजते. पन जाता जाता त्यायनं हाक देल्ली अन् कोनी ओ देल्ला नाई. काय वाटलं असन त्यायले?"  

तेरवीनंतर ती गच्चीच्या जिन्यातच बसायला लागली. ताट तिथं न्यावं लागे. रस्त्यावर कोणी कोणाला हाक मारली तरी मान वर करून कितीतरी वेळ तशीच राहायची... मला त्या घराची भीती वाटायला लागली, खरं सांगतो. वर कोणी नाही हे माहीत असूनही एकदा मी जाऊन पाहून आलो. सतरंज्या तशाच पडून होत्या. काढायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

मग एके दिवशी तीच म्हणाली, यंदाची फेरी होईल. नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेरवीला महिना नाही झाला आणि ही डोंगरात चालली. मलाही पटलं नव्हतं. "काऊन चालली वं ताई?" मी विचारलं. ती एवढंच म्हणाली, "मांगं कोन चालन?"

गेलो. ती सगळ्यांत शेवटी, मी तिच्या पुढे. मोठ्या घाटात धुकं उतरलं आणि हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेना. ताईनं हाक दिली, थांबून पुन्हा दिली. पुढून एकेकाचे ओ आले. आणि तेवढ्यात खालच्या दरीतून एक हाक आली. पुरुषाची, लांबलेली. शब्द कळला नाही. एखादा गुराखी ढोरं वळवत असेल, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. सगळे जागच्या जागी थांबले. दुसरीची वाट पाहत. मीसुद्धा.

ताई थांबली नाही. दरीच्या कडेला गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती फुटेल असा ओ दिला. "ओऽऽ... आयकलं जी! म्या आयकलं!"

दुसरी हाक आली नाही. ताईनं पदरानं तोंड पुसलं, वाटेवर परत आली आणि मला म्हणाली, "चाल पुढं. मांगं मी हाव."