वत्सला गाडची न वाचलेली पानं

वत्सला गाडला कुणी कधी गोड स्वभावाची म्हटल्याचं तुये गावात कुणाला आठवत नाही. बावीस वर्षं तिनं अंगणवाडी चालवली. पोषण आहाराचं पोतं हलकं लागलं की टेम्पोवाल्याला वजनकाट्यापाशी उभं करून ठेवायची. सरपंचाच्या सुनेनं मुलाला उशिरा आणलं तर सगळ्या आयांसमोर तिला घड्याळ दाखवायची. घरातही तेच. नवरा रामचंद्र गावच्या औषधांच्या कारखान्यात वॉचमन, तो म्हणायचा, "ड्युटी माका कारखान्यात कमी, घरातच जास्त."

गोवामुक्तीच्या आदल्या वर्षी जन्मलेली ही बाई एक्केचाळिसाव्या वर्षी बी. ए.ला बसली, ती ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. रागानं बसली. तपासणीला आलेली नवी मुख्य सेविका तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती. खुर्चीवर बसून तिनं वत्सलाच्या रजिस्टरावर लाल रेघ ओढली आणि म्हणाली, "बाई, जरा शिकून घ्या." वत्सलानं त्याच आठवड्यात दूरशिक्षणाचा फॉर्म आणला. पदवी असलेल्या सेविकेला मुख्य सेविका होता येत होतं, पण वयाची पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत. ती शेवटच्या वर्षाला पोचली तेव्हा तिची पंचेचाळीस येत्या डिसेंबरात भरणार होती, आणि शेवटच्या वर्षाचा एकच विषय आड उभा होता: राजकीय सिद्धान्त.

हा विषय डिचोलीच्या अभ्यासकेंद्रात दर रविवारी कृष्णनाथ सर शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पिवळी पडलेली टिपणं वाचून दाखवायचे. "स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव नव्हे, स्वल्पविराम..." असं स्वल्पविरामासकट. कुणी हात वर केला तर "शेवटी विचारा," आणि शेवटी सरांची मयेला घरी जायची बस असायची.

केंद्रातल्या विद्यार्थ्यांची मतं समोरच्या टपरीवर उंडे पाव आणि पातळ भाजी खाताना ऐकायला मिळत. सरकारी बसचा कंडक्टर गोपाळ सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा.

"सर पानां मोजता, अक्षरां वाचना. मी स्वाध्यायाच्या मधल्या पानार पेडण्याच्या बसांचो टायम लिवन आयलंय. बघ, धा दितलो!"

"खोटें," मालती म्हणाली. ही तुयेच्याच औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सरांची टिपणं तिच्याकडे सुवाच्य अक्षरात होती आणि अख्खा वर्ग ती उतरवून घ्यायचा.

"खोटें जाल्यार तुज्या बसाचें तिकीट फुकट."

"स्वातंत्र्य शिकयता आणि मुतूक सुद्धां विचारून वचूंक जाय," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मग आत जाऊन अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी एकसारखं लिहिलं: मार्गदर्शन उत्तम. वत्सलानंही लिहिलं. फॉर्म गोळा करायला सर स्वतःच फिरत होते, आणि स्वाध्यायाचे गुण अजून द्यायचे होते.

ते गुण एप्रिलमधल्या एका रविवारी मिळाले. चार प्रश्न, प्रत्येकी पंचवीस गुण, पास व्हायला चाळीस. वत्सलाला एकोणचाळीस. स्वाध्यायात नापास झालेल्याला परीक्षेला बसता येत नव्हतं. म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर मुख्य सेविकेची जागा कायमची.

तिनं कागद उलटून पाहिले. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिनं मालतीच्या वहीतून शब्दनशब्द उतरवलं होतं, त्याला चौदा. दुसरा प्रश्न संमतीवर होता. ते उत्तर तिनं स्वतः लिहिलं होतं, चार रात्री जागून, पाच पानं. त्याला सहा. पहिल्या पानावर लाल शाईत एकच शेरा, "विषयांतर". पुढची चार पानं शाई न लागता जशीच्या तशी परत आली होती.

"एका मार्काखातीर कित्याक रडटा?" गोपाळ म्हणाला. "केळ्यांचो घड घेवन सराच्या घरा वच."

"मी रडतंय?" वत्सला म्हणाली. "बरां बघ माजां तोंड."

शनिवारी गुणपत्रक विद्यापीठात जाणार होतं. शुक्रवारी दुपारी ती मयेला गेली. केळी नेली नाहीत. सर पुढच्या ओसरीत, सोप्यावर बसून सुपारी सोलत होते. त्यांची बायको पद्मावती दारात उभी राहिली, पाणी घेऊन.

"एकोणचाळीस?" सरांनी कागद हातात न घेताच म्हटलं. "एवढंच ना? अहो, केंद्रातच सांगायचं." त्यांनी आतून गुणपत्रक मागवलं, तिच्या नावापुढचा आकडा खोडला आणि पेन्सिलीनं चव्वेचाळीस केला. "शाईनं संध्याकाळी करतो. जा आता, बस चुकेल."

काम झालं होतं. दुसरी कुणी असती तर पाया पडून उठली असती. वत्सला उठली नाही.

"हे पाच कशाचे?"

"कशाचे म्हणजे? पास झालात."

"दुसरा प्रश्न वाचलात कधी तुम्ही, सर?"

सरांनी सुपारी टोपलीत टाकली. "बाई, अभिप्रायात 'मार्गदर्शन उत्तम' लिहिणाऱ्यांत तुम्हीही होतात."

"ते वाचलंत वाटतं. मग हेही वाचा."

"चष्मा आत आहे."

"माझा इथं आहे," असं म्हणून तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

तिनं लिहिलं होतं तिच्याच अंगणवाडीबद्दल. ग्रामसभेत अंगणवाडी कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत हलवायचं ठरलं. विरोध असणाऱ्यांनी हात वर करा, म्हणाले. आया मंडपाबाहेर पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यांच्या नोकऱ्या त्याच कारखान्यात. एकही हात वर झाला नाही, आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं गेलं. पुस्तकातला तत्त्वज्ञ म्हणतो, राज्यात राहणारा माणूस न बोलता संमती देतो. वत्सलानं लिहिलं होतं: गप्प बसलेल्याची संमती धरण्याआधी तो कुणाला भिऊन गप्प आहे ते बघायला हवं, आणि भिणाऱ्यांत मीही होते, कारण माझा नवरा तिथे वॉचमन आहे.

वाचून झालं तेव्हा पद्मावती पाण्याचा तांब्या हातात धरून अजून दारातच होती.

"हें बरें लिवलां," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू आत जा." सरांनी वत्सलाच्या हातातून कागद ओढून घेतले. चेहरा तांबडा झाला होता. "ठीक. तेरा. मिळायला हवे होते तेरा. पण आता वाचायचंच तर सगळं वाचू." त्यांनी आतून चष्मा आणला आणि चौथा प्रश्न काढला. बोट ओळीवरून असं फिरत होतं, जणू उवा शोधत होतं. "हे तुमचं नाही."

"नाही. तुमचंच आहे. टिपणातलं."

"माझं आहे म्हणूनच मला माहीत आहे. इथे मधला अख्खा परिच्छेद गळलाय. न्याय आणि समता यांचं नातंच उलटं झालंय. बाई, याला सहासुद्धा जास्त." त्यांनी चौदा खोडून सहा केले आणि पुटपुटत बेरीज केली. मग मान वर केली तेव्हा बऱ्याच दिवसांनी ताजी मासळी मिळाल्यासारखे दिसत होते. "अडतीस. म्हणजे वाचलं तर तुम्ही नापास, आणि न वाचता चव्वेचाळीस. बोला, शाईनं काय लिहू?"

वत्सलानं पाण्याचा तांब्या मागून घेतला. अर्धा संपवला. डिसेंबर तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि ती लाल रेघ.

"मालतीला चौथ्या प्रश्नाला किती?"

"तिचा काय संबंध?"

"गोपाळला? बाकीच्यांना? सगळ्यांनी तीच वही उतरवलीय, तोच परिच्छेद गाळून. सगळ्यांना चौदा आहेत, मी बघितलंय."

सरांनी गुणपत्रक स्वतःकडे ओढलं.

"सगळ्यांचे सहा करा, मग माझेही सहा. शनिवारी गुणपत्रक जाईल त्यात अख्खं केंद्र नापास. विद्यापीठातून विचारायला येतील, सर, काय शिकवलंत. नाहीतर नक्कल केल्याचे सगळ्यांना चौदा, तर मलाही चौदा. आणि लिहिल्याचे तेरा. आता बेरीज करा."

"तुम्ही मला धमकी देता?"

"समता तुम्ही शिकवलीत. स्वल्पविरामासकट."

आतून पद्मावतीचं हसू आलं आणि ताबडतोब थांबलं. कृष्णनाथ सरांनी रबर घेतला, चव्वेचाळीस पुसला. शाईचं पेन उघडलं. शेहेचाळीस लिहिताना निब इतकं दाबलं की कागद खालून फुगला.

"तुमच्यासारख्या बायका वर्गात नकोत," ते म्हणाले.

"परीक्षेनंतर नसेन."

"एवढं सगळं एका नोकरीसाठी."

"तुम्ही काय फुकट शिकवता?" कागद पिशवीत घालून ती उतरली.

रविवारी ती केंद्रावर पोचायच्या आधी मयेच्या सोप्यावरच्या बोलण्याची बातमी पोचली होती. टपरीवर सगळ्यांनी वळून पाहिलं.

"एकोणचाळीसाचे शेहेचाळीस," गोपाळ म्हणाला. "घड वेलची केळ्यांचो आसतलो."

"कायएक नेवक नाय. पेपर वाचून घेतलंय. तूय वच. वाचूक लाय तुजो टायमटेबल."

"आनी चवदाचे स केले जाल्यार?"

"स तर स."

मालतीनं वही पिशवीत घातली. "तुवें माजें नांव घेतलें थंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माका विचारलें?"

मयेच्या सोप्यावर मालतीला विचारायचं वत्सलाच्या मनातही आलं नव्हतं. ती उंड्याचा तुकडा भाजीत बुडवत राहिली.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" शेवटी तिनं विचारलं.

"ना."

मालती उठून दुसऱ्या बाकावर गेली. मागून आणखी दोघी गेल्या. संध्याकाळच्या बसला नेहमी मालती तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची. त्या दिवशी धरली नाही. वत्सला मागच्या सीटवर एकटी बसली, शेजारी पिशवी ठेवली आणि परीक्षेचं पुस्तक उघडलं.