चंपाने न ऐकलेला समुद्र

भोईवाड्यात चंपा तांबेची ओळख तिच्या तिखट जिभेवरून होती. मनाने वाईट नव्हती. चाळीतल्या एखाद्या बाळंतिणीला कळा सुरू झाल्या की टॅक्सी अडवून तिला दवाखान्यात नेणारी हीच, आणि पोर झाल्यावर उशिरा उगवलेल्या बापाला चार लोकांदेखत फैलावर घेणारीही हीच. परळच्याच एका प्रसूतिगृहात ती आया होती. दिवसभर दुसऱ्यांची बाळंतपणं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन चुलीशी उभं राहायचं, यात गोड बोलायला सवड कुठून मिळणार?

शिवाय घरात बसून मोठमोठ्या गोष्टी सांगणाऱ्या पुरुषांचा तिला लहानपणापासून राग होता. तिचा बाप गिरणीत साचेवाला. संप झाला तेव्हा ती शाळेत जात होती. बाप रोज सभेहून यायचा, दारात चपला काढता काढताच सुरू व्हायचा: आता मालक नमले, आता दिवाळीच्या आत भोंगा वाजणार. डोळे चमकायचे त्याचे. आई मान डोलवायची आणि उद्याचं पीठ कुणाकडून आणायचं याचा विचार करायची. दिवाळी गेली, पुढची गेली, भोंगा काही वाजला नाही. तेव्हापासून चंपाने मनाशी धरलं, की बाहेरून आलेला माणूस चमकत्या डोळ्यांनी काही सांगू लागला, तर ते फार मनावर घ्यायचं नाही.

आणि नशिबाने तिला नवरा मिळाला तो नाना. नाना हेच खरं नाव, आजोबांनी ठेवलेलं. नोकरी लाँचवर खलाशाची. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर माणसं सोडायची, तिथली माणसं घेऊन परत यायचं. कामाचा कंटाळा येईल असं कुणालाही वाटावं. नानाला आयुष्यात कधी आला नाही. घरी आला की आधी चहा, मग गोष्ट. शिवडीच्या चिखलातून रोहित पक्षी एकदम उठतात तेव्हा पाण्यावर गुलाबी सावली कशी धावते. नांगराच्या साखळीला विळखे घालून एक साप कसा निवांत ऊन खात बसला होता. लाँचच्या नाकासमोर गादामासे, म्हणजे डॉल्फिन, कसे पोरांसारखे शर्यत लावतात.

"अगं, एकदा चल तू," तो म्हणायचा. "साहेबाला विचारतो मी. तासाभराचं तर काम."

"आणि स्वयंपाक कोण करणार? तुमचे मासे?"

तो हसायचा. राग म्हणून त्याला यायचाच नाही.

मुलगी झाली. तिचं नाव संघमित्रा ठेवलं त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. पंचशील झालं, खीर वाटून झाली, आणि कुणीतरी म्हणालं, "नाना, एखादी गोष्ट होऊन जाऊ दे." नाना खुलला. सांगू लागला, की त्याच आठवड्यात एका सकाळी असं दाट धुकं पडलं, की स्वतःच्या लाँचचं पुढलं टोक दिसेना. इंजिन बंद करून सगळे गप्प बसले, कुठून जहाज येतंय का ऐकत. आणि त्या धुक्यात, भर समुद्रात, कोंबडा आरवला.

लोक थांबले. पुढे काय, म्हणून नानाकडे बघू लागले. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात चंपा मुलीला मांडीवर थोपटत म्हणाली, "मग पुढच्या खेपेला अंडी पण घेऊन या."

घरात हशाचा स्फोट झाला. नानाही हसला. गोष्ट तिथेच राहिली. पण चाळीला एक चाळा मिळाला. नळावर, जिन्यात, दाढीच्या दुकानात, जो तो विचारी, "काय नाना, आज आरवला का?" नाना हात उंचावून पुढे जाई. चंपाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाना घरी येऊन आता नुसता चहा पितो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बरेच महिने उलटले होते. तिला वाटलं, बरं झालं, बाप झाला, शहाणा झाला.

वर्षं गेली. संघमित्रा शिकली, बँकेत लागली. नाना रिटायर झाला आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातून निसटला. उजवी बाजू गेली. औषधपाण्याने पाय थोडा परत आला, वाचा आली नाही. आत सगळं शाबूत होतं. बातम्या लावल्या की भुवया चढायच्या, नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की डोळे भरायचे. तोंडातून मात्र एकच आवाज, "आं... आं..."

जानेवारीत संघमित्रा म्हणाली, "आई, पप्पांना रो-रो बोटीने मांडव्याला फिरवून आणू या. व्हीलचेअर सरळ बोटीत जाते. तू पण चल, कधी आलीच नाहीस ना तू?"

"नाही," चंपा म्हणाली. आता स्वयंपाकाचं कारण सांगायची सोय राहिली नव्हती.

भाऊच्या धक्क्यावर मासळीचा वास, पाट्यांची धावपळ, बर्फाचा चिखल. बोट सुटली आणि ते सगळं मागे सरकलं. वरच्या डेकवर वारा गार होता. चंपाने नानाच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि मान वर केली, तर समोर मुंबई उलटी उभी होती. जन्मभर आतून पाहिलेलं शहर बाहेरून असं दिसतं? परळ-लालबागचे टॉवर काडेपेटीतल्या काड्यांसारखे, त्यांच्यामागे धुरकट ऊन. नांगरलेल्या जहाजांच्या भिंतीएवढ्या बाजू जवळून गेल्या. पांढरे पक्षी बोटीबरोबर इतक्या जवळून तरंगत होते, की त्यांचे लाल पाय पोटाशी घेतलेले दिसत होते. चंपा कठडा धरून उभीच राहिली. संघमित्रा खाली चहा आणायला गेली.

एवढ्यात बोटीवरचा एक माणूस, खाकी कपड्यातला, चाळिशीचा, झपझप आला आणि खुर्चीपुढे बसला. "तांबेमामा! ओळखलं का? प्रफुल्ल. तुमच्या लाँचवर होतो." नानाच्या डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. प्रफुल्लने चंपाला नमस्कार केला. "मामी ना? मामी, आम्ही पोरं मामांच्या लाँचवर ड्युटी मागून घ्यायचो. काय गोष्टी सांगायचे. रोज एक नवीन. जेवणाचे डबे तसेच राहायचे. तुम्हाला तर सगळ्या पाठ असतील."

"हो," चंपा म्हणाली.

म्हणजे गोष्टी बंद झाल्याच नव्हत्या. फक्त घराच्या उंबऱ्याआधी थांबत होत्या. इतकी वर्षं हा माणूस धक्क्यावर सगळ्या वाटून रिकामा होऊन घरी यायचा आणि तिच्यापुढे गप्प चहा प्यायचा.

मांडवा जवळ आला तसा डेकवर गलका झाला. डाव्या अंगाला पाण्यातून करड्या पाठी वर येत होत्या, फूस करून परत आत जात होत्या. एक मोठी, तिला चिकटून एक लहान. लोक मोबाइल घेऊन धावले. चंपाने खुर्ची वळवली. "अहो, बघा, तुमचे गादामासे." नानाने एकदा पाहिलं आणि नजर चंपाकडे वळवली. तो तिचाच चेहरा बघत होता, ती काय म्हणते म्हणून. तिने नुसता त्याचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला.

परतीच्या फेरीत तिने प्रफुल्लला गाठलं. लाज बाजूला ठेवून विचारलं, "ती धुक्यातली गोष्ट सांगायचे का ते? कोंबड्याची?"

"सांगायचे ना. ते एक गलबत होतं, गुजरातकडचं. खलाशांनी कोंबड्या पाळलेल्या. ते सरळ मामांच्या लाँचवरच येत होतं म्हणे, कोंबडा आरवला म्हणून कळलं, नाहीतर..." तो थांबला. "की लाँच त्याच्यावर जात होती? आणि शेवटी एक म्हातारा होता त्या गलबतावर, तो काय म्हणाला... फार भारी होतं मामी, आता आठवत नाही."

खुर्चीतून आवाज आला. "आं. आं." नाना मान जोरजोरात हलवत होता. चुकीचं सांगतोय, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. डावा हात हवेत उठला, काहीतरी आकार काढू लागला. चंपा गुडघ्यांवर बसली. "म्हातारा? म्हाताऱ्याने काही दिलं? काही बोलला?" मान नाही म्हणाली, मग हो म्हणाली. ओठ जुळवायला त्याने इतका जोर लावला की कपाळावर शिर उठली. शब्द फुटला नाही. मग तो थकला आणि हात मांडीवर पडला. प्रफुल्लला खालून हाक आली, तो निघून गेला.

त्या दिवसानंतर चंपा रोज संध्याकाळी कामावरून आली की चहा गाळते, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसते आणि विचारत राहते. पक्षी होते? जहाज होतं? तुम्ही एकटे होतात? तो मान हलवतो, डाव्या हाताने दाखवतो. कधी एखादी गोष्ट अर्ध्यापर्यंत पोचते. एकदा तर साप साखळीवर कसा चढला ते सगळं कळलं आणि दोघं खूप वेळ हसली. त्या म्हाताऱ्याचं मात्र काही केल्या उलगडत नाही. ती विचारते, तो प्रयत्न करतो, चहा निवून जातो. मग नाना डोळे मिटून घेतो आणि चंपा कप उचलून मोरीत ठेवते.