दोरा धरणारे डॉक्टर

नवा पेशंट खुर्चीत बसला की शिकलगार डॉक्टर त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत दोरा धरत. समोरच्या दातांमधली फट दोऱ्याखाली येते का, ते बघत. मग दोरा पेशंटच्याच हातात देऊन त्याला आरशासमोर उभं करत. माझ्या मुलीच्या दातांना तारा होत्या, म्हणून विट्याच्या त्यांच्या दवाखान्यात माझं जाणं होई. आतलं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू येई. "काढलेला दात परत बसत न्हाई," हे ते प्रत्येकाला ऐकवत.

एकदा आटपाडीकडचे मेंढपाळ बिराप्पा मुलीला, रेखाला, घेऊन आले. रेखा बोलताना तोंडावर हात धरायची. वरचे उजवे दात पुढे सरकून समोरची फट डावीकडे गेली होती. डावी बाजू ठीक होती. डॉक्टरांनी उजवीकडचा, सुळ्यामागचा एकच दात काढायचं ठरवलं. बिराप्पांना ते पटेना.

"मेंढराचं दात जोडीनं पडत्यात, डाक्तर. एकाच अंगाचा काढला तर तोंड लंगडं हुईल."

"ते आत्ताच लंगडं हाय, बिराप्पा. दोनी पाय सारखं तोडून चाल सुदरत न्हाई."

बिराप्पा उठले. दुसरीकडे जाऊन दोन्ही काढून घेतो म्हणाले. डॉक्टरांनी अडवलं नाही. मेंढीचे दात कसे पडतात, एवढंच विचारलं. बिराप्पा परत बसले आणि बराच वेळ सांगत राहिले. डॉक्टरांचे प्रश्न संपेनात, आम्ही बाकावर ताटकळलो. बिराप्पा उठायच्या आधी डॉक्टरांनी रेखाच्या दातांचे साचे मात्र घेऊन ठेवले.

पुढच्या खेपेला बापलेक आले तेव्हा टेबलावर प्लास्टरचे दोन जबडे होते. एकातला एकच दात करवतीने कापून बाकीचे मेणात सरकवलेले. दुसऱ्यातले दोन्हीकडचे कापलेले. बिराप्पांनी ते दारातल्या उजेडात नेऊन बाजारात जनावर बघावं तसे न्याहाळले. रेखाने दोन्हींवर दोरा धरून पाहिला. दोन दात काढलेल्या जबड्यात फट डावीकडेच होती.

"ह्यो," ती म्हणाली आणि पहिला जबडा वडिलांच्या हातात दिला.

रेखाच्या तारा निघाल्या तेव्हा बिराप्पांनी फडक्यात बांधून मेंढीचा जबडा आणला. एका बाजूला नवा दात आलेला, दुसऱ्या बाजूला दुधाचा तसाच. "अशीबी एखादी निगती," ते म्हणाले.

डॉक्टरांनी लगेच त्यावर दोरा धरला. "आदी आणला असता तर माझं प्लास्टर वाचलं असतं."

डॉक्टर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या घरी रेखा भेटली. तिची फट दोऱ्यापासून अजून केसभर डावीकडे आहे, आणि तेही डॉक्टरांनीच दाखवलं होतं, असं तिने सांगितलं. सांगताना तिचे दोन्ही हात मांडीवर होते.