शेवंती माळलेल्या आजी

शेवंतीचा वास आला की नाशिकच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. अर्धांगवायूतून उठलेली माणसं पुन्हा कशी चालतात, यावर मी तेव्हा संशोधन करत होते. मखमलाबादला फुलमळा असलेल्या एका आजींचं चालणं कॅमेऱ्यात टिपायचं होतं. गुडघे दिसले पाहिजेत, असं बजावलं होतं. पण कॅमेरा म्हटल्यावर त्या ठेवणीतलं पायघोळ लुगडं नेसून, शेवंती माळून आल्या. ते चित्रण माझ्या काही कामाचं नव्हतं, तरी मी थांबवलं नाही. वळताना दरवेळी त्या पदर सारखा करायच्या. शेवटी म्हणाल्या, "आजून येकदा चालू का, ताई? घरी माझ्याकडं कोन बघतंय?" हल्ली गुडघ्यासाठी मीही घरातल्या घरात फेऱ्या मारते, आणि रिकाम्या हॉलमध्ये वळताना उगाचच पदर सारखा करते.