धिंगरीचे विरजण

चाळीस वर्षे मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. उत्तरपत्रिकेत उपमा दिसली की तिच्यावर लाल रेघ मारत असे. बुरशीचे तंतू कापसासारखे असतात असे कोणी लिहिले, तर समासात मी लिहीत असे, ‘कापूस नव्हे. मोजून सांगा.’ निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरी मी स्वतः एकदाच उपमा वापरली.

घरात आम्ही दोघे: मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण. यजमान गेल्यानंतर ती माझ्याकडे राहायला आली. मागच्या खोलीत धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावण्याचा विचार माझा होता, कष्ट तिचे. भाताचा पेंढा ती भिजवी, गरम पाण्यातून तीच काढी. मी बियाणे करीत असे. उकडलेल्या गव्हाच्या दाण्यांवर, बाहेरचे जंतू शिरू नयेत म्हणून ज्योतीजवळ बसून, काचेच्या नळीत वाढवलेली अळिंबीची शुद्ध बुरशी सोडायची. दाणे पांढरे झाले की ते पेंढ्याच्या पिशवीत थरांनी घालायचे. अठरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरी होते. मग तिला हवा आणि उजेड दिला की टाचणीच्या डोक्याएवढे कळे दिसतात. चार दिवसांत ते तळहाताएवढे होतात. मोजून सांगायचे तर आठ ते दहा सेंटिमीटर.

पीक दोघांना पुरून उरू लागले, तेव्हा बहिणीने ते नाक्यावरच्या कोळणीला दिले. ही बाई पंचवीस वर्षे त्याच फुटपाथवर, त्याच जागी मासळी विकत आली आहे. तिची अडचण श्रावणाची. आमच्या भागातली निम्मी घरे त्या महिन्यात मासळी बंद करतात. टोपली रिकामी म्हणून ती घरी बसली की जागा दुसऱ्याची होते. आदल्या वर्षी तिथे एक राखीवाला बसला. गणपतींचे विसर्जन झाले तरी तो उठला नाही.

“श्रावणात अळिंबी घेऊन बस,” बहिणीने तिला सांगितले. “जागाही राहील.”

कोळणीने एक जुडी घरी नेऊन रांधली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “कोलंबीवानी लागते. पन गिऱ्हाइकाला तसं बोलायचं नाय.”

ठरले.

चैत्रात माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी ज्योतीपाशी बसण्यास मनाई केली. मी पट्टी बांधून वरण-भात जेवत असताना बहिणीने विचारले, “तयार पिशवीतले मूठभर दाणे काढून नव्या दाण्यांत मिसळले तर चालेल ना रे? विरजण लावतो तसं?”

“हो. विरजणासारखेच,” मी म्हणालो.

माझे वाक्य एवढेच होते. डोळा महिन्यात बरा झाला. मी मात्र नळ्यांकडे परतलो नाही. पिशव्या पांढऱ्या होत होत्या, पीक येत होते, आणि काम न करण्याची मला सवय लागली होती.

श्रावणासाठी म्हणून लावलेल्या चोवीस पिशव्या आषाढात नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा जास्त पांढऱ्या झाल्या. बहीण खूश होती. हवा दिली, उजेड दिला, पाणी शिंपडले. कळे आले नाहीत. आठव्या दिवशी तिने मला खोलीत बोलावले.

“बघ रे. नुसता कापूस झालाय.”

“कापूस न–” मी थांबलो. तो कापूसच दिसत होता. नऊ पिशव्यांच्या तळाशी हिरवे डागही होते. ती दुसरी बुरशी, अळिंबीला खाणारी.

“ही कितवी लावण?”

“तू पट्टी बांधून बसलास तेव्हापासून पाचवी.”

“मूठ कुठून घेत होतीस?”

“जिथं सगळ्यांत पांढरं असेल तिथून. मग काय काळं निवडू?”

तिथेच उत्तर होते. अळिंबीच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रके असतात, दोन पालकांची. ती जोडी जुळून राहिली तरच कळा धरतो. पुन्हा पुन्हा जुन्या वाढीतून बी घेतले की काही तंतू बिघडतात. ते जोमाने पसरतात, पांढरेशुभ्र दिसतात आणि फळत नाहीत. बहिणीने पाच वेळा नेमके तेच निवडले होते. उघड्या हाताने मूठ घेताना हिरवी बुरशीही आत गेली. विरजण बिघडले तर सकाळी जिभेला कळते आणि शेजारून वाटी आणता येते. इथे कळायला तीन महिने लागले. शेजारी कोणाकडे वाटी नव्हती.

मी हे सर्व तिला सांगितले. तिने हात पुसले.

“हे तुला तेव्हा ठाऊक होतं?”

“होते.”

“मग हो कशाला म्हणालास?”

“सोपे होते म्हणून.”

“चाळीस वर्षं पोरांना नापास केलंस ना रे? बस आता.” दारातून वळून ती म्हणाली, “आणि कोळणीला तू सांगायचं. मी नाही जाणार.”

पिशव्या बाहेर काढल्या, खोलीला चुना मारला. बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून नवे बियाणे आणून लावले आणि मग नाक्यावर गेलो. श्रावणाला चार दिवस उरले होते. पहिले अडीच आठवडे माल मिळणार नाही, चूक माझी आहे, असे मी सांगितले.

“आन् जागा?” तिने विचारले.

तिने बसायच्या पाटाकडे बोट दाखवले.

“टोपली नसली तर मला सकाळची दोन घरची भांडी धरायला लागतात, मास्तर. इथं कोन बसनार? तुमी?”

तो टोमणा होता.

“हो,” मी म्हणालो.

श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून रोज सकाळी सात ते अकरा मी तिथे बसलो. तिचा पाट, तिची रिकामी टोपली, माझी छत्री. चौथ्या दिवशी राखीवाला आला.

“काका, हातभर सरका ना.”

“नाही.”

“तुमच्याकडे विकायला तर काहीच नाय.”

“जागा रिकामी नाही.”

तो पलीकडे, गटाराच्या झाकणावर बसला. एक माजी विद्यार्थी ओळखून थांबला. “सर, तुम्ही? काय विकताय?”

“अजून काही नाही. पंधरवड्याने या.”

तो रिकाम्या टोपलीत डोकावला आणि माझी प्रकृती विचारून गेला.

अठराव्या सकाळी बहीण रिक्षातून चार किलो अळिंबी घेऊन आली. भांडी आटोपून कोळीण आली. तिने एक गुच्छ उचलला, उलटा केला, खालच्या पापुद्र्यांवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी धरला.

“ताजं हाय. उठा.”

मी उठलो. ती पाटावर बसली, प्लास्टिक अंथरले, गुच्छ मांडले. पहिल्याच बाईंनी विचारले, “श्रावणात चालतं का हो हे?”

कोळणीने माझ्याकडे पाहिले. उत्तर मला ठाऊक होते.

“ही बुरशी आहे,” मी म्हणालो. “मासळी नव्हे.”

“बुरशी?” म्हणत बाई निघून गेल्या.

“मास्तर,” कोळीण म्हणाली, “तुमी आता घरी जा.”

मी घरी गेलो.